सोडा वाट बघत नाही

उस्तादांनी बाह्या कोपराच्या वर सारल्या, ओट्यावर पीठ भुरभुरलं आणि वाडग्यातला गोळा त्यावर उपडा केला. मग दोन्ही तळहात रोवून तो पुढे रेटला, दुमडला, थोडा फिरवला, पुन्हा रेटला. खांद्यातला जोर आपसूक हातात उतरत होता. गोळा आधी बोटांना चिकटला, ओट्यावर लोळला, त्याने हरतऱ्हेचा आडमुठेपणा करून पाहिला; पण असले आडमुठे गोळे सरळ करण्यातच उस्तादांचं आयुष्य गेलं होतं. थोड्याच वेळात तो गुळगुळीत झाला. बोट रुतवलं की खळी भरून येऊ लागली.

"बघ," मागे न वळता ते म्हणाले, "कसं लोण्यासारखं झालंय."

मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या खुर्चीत त्यांची बायको बसली होती. इस्पितळातून घरी आल्यापासून ती या खुर्चीत नाहीतर पलंगावर असायची, आणि दोन्हीकडे सारखीच गप्प. 'हो', 'नको' आणि 'पुरे', एवढ्या तीन शब्दांवर तिचा सगळा कारभार चालला होता. उत्तराची अपेक्षा उस्तादांनीही ठेवली नव्हती. गप्प माणसाशी बोलत राहावं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून ते बोलत होते.

"मळू... नका!"

उस्तादांचे हात गोळ्यातच थांबले.

"काय म्हणालीस?"

"मळू नका. तो... मळत नाहीत, अहो!"

शब्द जड होते, एकमेकांना चिकटत होते; पण ते शब्द होते, आणि त्यांत राग होता. उस्ताद वळले तेव्हा ती डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरून पुढे झुकली होती. एवढं बोलून तिला धाप लागली. तिने डोळे मिटले आणि मान मागे टेकली.

उस्तादांनी हातातल्या गोळ्याकडे पाहिलं. त्यांच्या मते गोळ्यात काहीही चूक नव्हती.

पुलाजवळच्या बेकरीत सगळे त्यांना उस्ताद म्हणत, आणि बेकरीतून ते नाव बाजारभर पसरलं होतं. पण उस्तादांच्या घरात उस्तादांचा पाव खात नाहीत, हा त्या बाजारातला जुना विनोद होता. दिव्याखाली अंधार, असं लोक म्हणत. माहेरून आणलेल्या मोजक्या गोष्टींत त्यांच्या बायकोने एक पाव आणला होता: पीठ, मीठ, खायचा सोडा आणि आंबट ताक. बस्स. आयरिश सोडा ब्रेड म्हणतात तो हाच. तिच्या आईने तो तिला शिकवला होता, आणि लग्नानंतर तिने तो जवळजवळ रोज केला. उस्ताद पहाटेची भट्टी उरकून घरी येत, जेवून झोपत, आणि दुपारी उठत तेव्हा फडक्यात गुंडाळलेला गरम पाव टेबलावर असे.

"ह्याला पाव म्हणत नाहीत, ह्याला घाई म्हणतात," ते डोळे चोळत म्हणत. "यीस्ट नाही, मळणं नाही, फुगायची वाट बघणं नाही. आळशी माणसाचा पाव!"

"आळशी माणसाचा तिसरा तुकडा चाललाय," ती म्हणे, "आणि लोणी संपलंय."

चांगला झालाय, असं मात्र उस्तादांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. आणि तो होताना त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. पाव व्हायचा तेव्हा ते घोरत असत.

मग थंडी सरता सरता तिला झटका आला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला, जीभ जड झाली. उस्तादांनी बेकरीच्या किल्ल्या भाच्याच्या हातात ठेवल्या आणि इस्पितळातल्या बाकावर जाऊन बसले. ती वाचली. घरी आली. रोज व्यायाम करून घ्यायला एक बाई येऊ लागल्या. वयाने त्यांच्या मुलीसारख्या, पण दरारा सासूचा.

"काका, पाय येईल, बोलणंही येईल," त्या म्हणाल्या होत्या. "पण काकूंना काहीतरी करावंसं वाटलं पाहिजे. हाताला काम दिलं नाही, तर हात काम विसरून जातो."

त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. ती तो हातात धरी, हात सैल सोडी, आणि चेंडू कपाटाखाली जाई. उस्ताद पोटावर झोपून तो काढत. व्यायामाच्या बाई 'हात वर' म्हणाल्या की ती डाव्या हाताने उजवा वर उचले, 'खाली' म्हणाल्या की सोडून देई. जिने आयुष्यात कुणाचं एक ऐकून घेतलं नाही, ती आता सगळ्यांचं सगळं ऐकत होती. उस्तादांना हे त्या झटक्यापेक्षा भयंकर वाटत होतं. भाचा बेकरीतून रोज ताजा पाव पाठवी. ती एक घास चघळी आणि 'पुरे' म्हणे.

उस्ताद स्वतः मात्र ठणठणीत होते, असं उस्तादांचं म्हणणं होतं. जित्याची खोड, उजाडायच्या आधी जाग यायची. मग ते झोपायच्या खोलीतल्या खिडकीशी जाऊन उभे राहत. तिथून छपरांवरून बेकरीचं धुराडं दिसे. धूर वेळेवर निघाला की नाही एवढंच बघायचं, असं ते मनाशी म्हणत. पण धूर निघून विरून गेला तरी ते तिथेच असत, चहा गार होई. एकदोनदा बेकरीत जाऊनही आले. भाचा हातातलं टाकून धावत आला, खुर्ची पुसून दिली.

"मामा, तुम्ही मामीजवळ बसा. इथली काळजी अजिबात करू नका."

पोरगा प्रेमानेच बोलला. पण स्वतःच्या भट्टीसमोर पाहुण्याच्या खुर्चीत बसणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. उस्ताद घरी आले आणि पुन्हा खिडकीशी उभे राहिले.

तर अशा दिवसांत, तिच्या पोटात काहीतरी आवडीचं जावं म्हणून त्यांनी तिचा पाव करायला घेतला होता. चार जिन्नस तर माहीत होते. ज्याने हजारो पाव भाजले त्याला ही घरगुती घाई काय जड, असं वाटलं होतं.

पाव ओव्हनमधून निघाला तो दगड होऊन. सुरी वरून घसरली. उस्तादांनी कसाबसा एक तुकडा काढला आणि बशीत घालून तिच्यापुढे ठेवला. तिने तो डाव्या हाताने उचलला, बशीवर आपटला. टण्ण आवाज आला.

"वीट," ती म्हणाली.

उरलेला पाव उस्तादांनी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना नेऊन दिला. मास्तर सगळं खात. संध्याकाळी ते कवळी रुमालात गुंडाळून खाली आले आणि, दुखवायचं नाही म्हणून, नुसते बसून गेले.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी मळलं नाही. तिचा शब्द तंतोतंत पाळला. पीठ कालवलं, गोळा केला, आणि सवयीने त्यावर ओलं फडकं टाकून वाडगं उबेला ठेवून दिलं. खुर्चीतून एक संशयी नजर वाडग्यावर खिळली.

"झाकलं... कशाला?"

"जरा विसावू दे की. पीठ आहे, माणसासारखं दमतं ते."

"भट्टी! आत टाका! आत्ता!"

"अगं, पण फुगायला—"

"सोडा वाट बघत नाही!"

आणि ती उठली. डावा हात भिंतीवर, मग दाराच्या चौकटीवर, उजवा पाय फरशीवर फरफटत. तीन महिने व्यायामाच्या बाई तिला खुर्चीतून आपणहून उठवायचा प्रयत्न करत होत्या. ती ओट्यापर्यंत आली, फडकं उपसून फेकलं आणि आतल्या बसक्या गोळ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "मेला. बघा. मेला तो."

गोळा मेला होता आणि त्यांची बायको ओट्याशी उभी होती.

त्या संध्याकाळी ते बराच वेळ विचार करत बसले. पहिल्या चुकीला ती बोलली. दुसऱ्या चुकीला उठली. दोन्ही चुका खऱ्या होत्या, यीस्टवाल्या माणसानेच कराव्यात अशा. आता त्यांना कळलं होतं की हा पाव मळायचा नाही आणि थांबवायचा नाही. उद्या तो नीट होणार. आणि नीट झाला, तर ती दोन घास खाऊन 'पुरे' म्हणणार आणि खुर्चीत मान टेकणार.

उस्तादांनी ठरवलं की उद्याही चुकायचं.

ठरवणं सोपं होतं. हात ऐकेनात. चांगलं काम करायला शिकलेल्या हाताला वाईट काम शिकवायचं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नाचायला लावण्यासारखं. ताकाऐवजी दूध ओतताना त्यांचा जीव कळवळला. एकदा त्यांनी सोडा मूठभर घातला. पाव पिवळा पडला आणि साबणासारखा लागला. एकदा वर सुरीने फुली मारली नाही, त्यामुळे पाव एका बगलेला फाटला आणि आत कच्चा राहिला. प्रत्येक वेळी ती तणतणली. प्रत्येक वेळी तिच्या बोलण्यात एखादा नवा शब्द आला, जुना तिखटपणा आला.

"आयुष्यभर बेकरी चालवली म्हणे! गिऱ्हाइकं कशी जिवंत राहिली?"

"नशीब त्यांचं."

"फुली का मारतात, माहितीये? आतपर्यंत आच जावी म्हणून. नक्षी नाही ती!"

बातमी बाजारात पोचायला वेळ लागला नाही. उस्तादांना सोडा ब्रेड जमत नाही! भाचा घाबराघुबरा होऊन घरी आला.

"मामा, हे असले पाव बाहेर कुणाला देऊ नका हो. बेकरीवर तुमच्या नावाची पाटी आहे."

"पुसून टाक," उस्ताद आनंदाने म्हणाले.

खुर्ची दारातून आत आली, मग टेबलाशी आली. एके दिवशी उस्ताद चमच्याने पीठ घोटत होते, अगदी मन लावून वाईट घोटत होते, तेव्हा तिने चमचा हिसकावून घेतला.

"चमचा नाही. हात. असा." तिने डाव्या हाताचा पंजा पसरला, बोटं ताठ आणि फाकलेली. "मधून बाहेर, गोल. गोंजारल्यासारखं. पिठाला कळता कामा नये."

तिने हात वाडग्यात घातला आणि फिरवला. वाडगं टेबलावर घसरलं. पुन्हा फिरवला, पुन्हा घसरलं. उस्ताद धरायला पुढे होणार, तेवढ्यात मांडीवर पडलेला तिचा उजवा हात वर आला. हळू आला, वाकडा आला, पण कुणी उचलून ठेवल्याशिवाय आला, आणि वाडग्याच्या कडेवर बसला. तिचं तिकडे लक्षही नव्हतं. ती पिठाशी बोलत होती. उस्तादांनी नळ सोडला आणि धुतलेली पातेली पुन्हा धुवायला घेतली. रडताना तिने पाहिलं असतं तर तेवढ्यावरूनही बोलणी बसली असती.

उन्हाळा गेला. ती काठी टेकत घरभर फिरू लागली. उजवा हात कंगवा धरू लागला, बटण लावू लागला. पण पाव मात्र उस्तादांनीच करायचा आणि तिने टेबलाशी बसून खोड्या काढायच्या, हे तसंच राहिलं. "माझ्याने कुठं होतंय आता," असं ती म्हणे आणि उजवा हात मांडीवर सोडून देई. म्हणजे अजून थांबता येत नव्हतं. आणि इकडे चुका संपत आल्या होत्या. चार जिन्नसांच्या पावात माणूस चुकून चुकून किती चुकणार? पीठ चाळायचं विसरून झालं, मीठ दोनदा घालून झालं, ओव्हन पेटवायचा राहून झाला. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते उद्याची चूक शोधत, आणि शोधता शोधता झोप लागे ती थेट उन्हं अंगावर येईपर्यंत.

त्यात तिने ताकाचं काढलं. कोपऱ्यावरच्या दुकानातलं ताक म्हणे गोडसर असतं, सोड्याला जागंच करत नाही. टेकाडापलीकडच्या डेअरीतलंच हवं. मग दर दोन-तीन दिवसांनी उस्ताद बरणी घेऊन निघत. जाताना न्हावी हाक मारी, "उस्ताद, आज पाव की वीट?" येताना डेअरीवाली त्यांना दोन युक्त्या सांगे, आणि तिच्या सासूला त्या दोन्ही मान्य नसत. उस्ताद दोघींचं ऐकून घेत, स्वतःचं तिसरं सांगत. ताक आणायला तास-दीड तास सहज जाई. आधी बायकोला एकटी सोडायला जीव होईना, पण व्यायामाच्या बाई त्याच वेळेला येत, तेव्हा तशी काळजी नव्हती.

त्या दिवशी डेअरीत गर्दी नव्हती, म्हणून ते लवकर परतले. जिन्यात त्यांना वास आला. पुढच्या पावलाला तो दाट झाला. पाव नुकताच भाजला गेला होता आणि तो चांगला भाजला गेला होता. हे सांगायला उस्तादांना डोळ्यांची गरज नव्हती. वरून व्यायामाच्या बाई उतरत होत्या, छातीशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी धरून.

"हे काय?"

"पाव, काका. काकूंनी दिला. मी नको म्हणत होते, पण—"

"बघू."

बाईंनी फडकं उघडलं. उस्तादांनी पाव हातावर उलटा घेतला आणि बुडावर टिचकी मारली. पोकळ, स्वच्छ आवाज आला. फुली खोल होती, चारी पाकळ्या सारख्या उमलल्या होत्या. सालीला तडे होते, हवे तिथे.

"कुणी केला?"

"काकूंनीच की. दोन्ही हातांनी करतात आता. मागच्या—" बाई थांबल्या. त्यांनी उस्तादांच्या हातातली ताकाची बरणी पाहिली आणि जीभ चावली. "अगं बाई. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या."

"कधीपासून चाललंय?"

"झाले बरेच दिवस. तुम्ही ताकाला गेलात की करतात. मला देतात, नाहीतर वरच्या मास्तरांना."

मास्तर! तरीच हल्ली मास्तर जिन्यात भेटले की खाली मान घालून हसत होते.

"पण मला न सांगण्यासारखं काय आहे त्यात?" उस्ताद म्हणाले. ते दुखावले होते. "मी तर वाटच बघतोय."

बाईंनी पाव परत घेऊन फडक्यात गुंडाळला. मग त्यांनी ठरवलं असावं की अर्धं सांगितलंच आहे तर उरलेलं पोटात ठेवून काय उपयोग.

"मीही हेच विचारलं, काका. तर म्हणाल्या, मी बरी झाले असं त्यांना कळलं, की ते परत त्या खिडकीत जाऊन उभे राहतील. त्यांना आता कुठे झोप लागायला लागलीये. अजून थोडे दिवस चुकू देत त्यांना."

बाई गेल्या. उस्ताद बरणी मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले. आजवर त्यांना वाटत होतं की या घरात आजारी एक जण आहे आणि दुसरा त्याची काळजी घेतोय. ते तसंच होतं. कोण कोणाची, एवढाच त्यांचा घोळ झाला होता. खिडकीत उभं राहिल्याला किती दिवस झाले, ते त्यांना आठवेना. लाज वाटली. मग हसू आलं. खुर्चीत मान टाकून पडलेली ती बाई सगळं बघत होती. जीभ उचलत नव्हती तेव्हाही बघत होती.

त्यांनी ठरवलं की हा लपंडाव आज संपवायचा. तिला तोंडाने सांगायला गेलो तर ती कानावर हात ठेवणार, हे त्यांना माहीत होतं. त्यापेक्षा पावच सांगेल.

ते आत आले तेव्हा ती टेबलाशी बसली होती, शाल पांघरून, उजवा हात मांडीवर सैल. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती. तरी वास गेला नव्हता.

"आज लवकर आलात?"

"गर्दी नव्हती."

त्यांनी ओव्हन पेटवला. तो आधीच गरम होता. दोघांनीही ताकास तूर लागू दिली नाही.

उस्तादांनी पीठ, मीठ आणि सोडा एकत्र चाळला. मधे आळं केलं.

"सोडा सपाट चमचा घेतलात का?"

"सपाटच घेतला."

"ताक सगळं एकदम ओतू नका."

"नाही."

त्यांनी पंजा पसरला, बोटं ताठ केली आणि मधून बाहेर, गोल फिरवली. पिठाला कळलं नाही. ओबडधोबड, ओलसर गोळा झाला. तो पाहून हात शिवशिवले. एकदाच, फक्त एकदाच रेटावा, असं खांद्यापासून वाटलं. त्यांनी रेटला नाही. ओंजळीत धरून सारखा केला, ट्रेवर ठेवला, सुरीने खोल फुली मारली आणि लगेच ओव्हनमध्ये सरकवला. मागे वळून पाहिलं तर ती त्यांच्या हातांकडे बघत होती. तोंड किंचित उघडं होतं, बोलायला तयार. पण बोलायला त्यांनी काही ठेवलंच नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर त्यांना भीती दिसली.

पाव भाजेपर्यंत दोघं टेबलाशी बसून होती. मग उस्तादांनी पाव काढला, उलटा करून टिचकी मारली, फडक्यात गुंडाळला, आणि वाफ जरा बसल्यावर कापला. सुरी अलगद आत गेली. एका तुकड्याला लोणी लावून त्यांनी बशी तिच्यापुढे ठेवली.

तिने तुकडा उचलला. उजव्या हाताने उचलला. ते दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघांनीही ते तसंच जाऊ दिलं. तिने घास घेतला. सावकाश चावला. नजर एकदा झोपायच्या खोलीच्या दाराकडे गेली, एकदा उस्तादांच्या चेहऱ्यावर आली आणि तिथे थांबली.

"सोडा जास्त झालाय," ती म्हणाली.

उस्तादांनी एक तुकडा तोंडात टाकला. आयुष्यभर पिठाची चव घेतलेली जीभ होती ती. सोडा कणभरही जास्त नव्हता. इतका चांगला पाव त्यांनी स्वतःच्या हाताने क्वचितच केला होता.

"खरंच गं," ते म्हणाले. "जास्त झालाय."

"तरी मी विचारलं होतं, सपाट घेतलात का. माणसाचं लक्ष नको?"

"चुकलंच."

"उद्या मी जवळ उभी राहून घालायला लावते."

"बरं."

"आणि ताक ताजं आणा. हे उद्यापर्यंत फार आंबेल."

"सकाळीच जातो," उस्ताद म्हणाले.

तिने मान डोलावली, लोण्याची वाटी स्वतःकडे ओढली आणि दुसरा तुकडा घेतला.